वाचकांचे प्रश्न : दिशा कळली, पण वाट?

पावसाळा तोंडावर आला की हातात धरायच्या जीपीएस रिसीव्हरबद्दलची पत्रं वाढतात. मी भूगोल शिकवते, विद्यार्थ्यांना घेऊन सह्याद्रीत फिरते आणि ही यंत्रं बरीच वर्षं वापरते आहे, त्यामुळे उदाहरणं पुण्याच्या आसपासच्या डोंगरांतलीच येतील. राजगडच्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. ते वाचून मला काळजी वाटली.

मोबाइलमध्ये जीपीएस आहेच, मग हजारो रुपये घालून वेगळं यंत्र कशाला घ्यायचं? आणि डोंगरात त्याला रेंज मिळते का? (एक वाचक, बिबवेवाडी)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. रेंजचा काही संबंधच नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचा संदेश पाठवत असतात आणि यंत्र तो ऐकतं. निदान चार उपग्रहांचं ऐकू आलं की कोणता संदेश किती उशिरा पोचला यावरून ते स्वतःची जागा आणि उंची काढतं. सिम नको, इंटरनेट नको. तुमच्या फोनमधली चिपही हेच करते. वेल्ह्याच्या पुढे गेल्यावर लोक म्हणतात की जीपीएस गेलं. गेलेला असतो नकाशा, कारण तो फोन इंटरनेटवरून मागवत असतो. घरूनच नकाशा उतरवून घेतला असेल, तर रेंज नसलेला फोनही जागा बरोबर दाखवतो.

त्यामुळे आतकरवाडीतून सिंहगड चढायचा असेल किंवा सकाळी तळजाईला, वेताळ टेकडीवर जायचं असेल, तर वेगळं यंत्र घेऊ नका. फोन पुरेसा आहे. पावसाळ्यात फिरणार असाल, दोन-तीन दिवसांच्या वाटा करणार असाल, कुणी माहीतगार बरोबर नसेल, तर मात्र घ्या. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, बटणं देतात. गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्ससारखं लहान यंत्र दोन पेन्सिल सेलवर २५ तास चालतं असं कंपनी सांगते, आणि सेल संपले तर सॅकमधले दुसरे दोन घालता येतात. फोनची बॅटरी त्यामुळे फोन करण्यासाठी शिल्लक राहते, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे. रिचार्ज होणारे सेल वापरत असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार तसा निवडा. त्यांचा दाब दीड व्होल्ट नसून १.२ असतो, त्यामुळे प्रकार बदलला नाही तर बॅटरीची पट्टी भलतंच दाखवते.

मागच्या पावसाळ्यात आम्ही तिघं राजगडला गेलो. गुंजवण्यात गाडी लावली तेव्हा रिसीव्हरमध्ये तिथली खूण करून ठेवली होती. संध्याकाळी सुवेळा माचीवर असताना ढग उतरले, दहा पावलांपलीकडचं दिसेना. गाडीची खूण निवडून ‘गो टू’ दाबलं आणि बाणाच्या मागे चालत राहिलो, तर थेट तटापाशी आणि पलीकडे कडा! यंत्र बिघडलंय का? (एक वाचक, वारजे)

यंत्र ठणठणीत आहे. त्याने विचारलेलंच सांगितलं: गाडी अमुक दिशेला, अमुक अंतरावर आहे. मधे काय आहे हे त्याला तुम्ही विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. ‘गो टू’चा बाण सरळ रेषेचा असतो आणि अंतर हवाई असतं. सपाट माळावर त्याच्यामागे चालता येतं. आपल्याकडे सरळ रेघ ओढली की ती तट, कडा, नाळ, ओढा असं काहीतरी कापणारच. मी विद्यार्थ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगते आणि इथेही पुन्हा लिहिते: यंत्राला जागा कळते, वाट कळत नाही. वाट ज्याने चालून पाहिली त्यालाच माहीत असते, आणि त्या दिवशी ती तुम्ही चालून आला होतात. ती यंत्रात साठवलेली असती, तर ढगातही कामाला आली असती.

म्हणून ‘गो टू’ विसरा आणि ट्रॅक नोंदवायला शिका. चालताना यंत्र ठरावीक वेळाने तुमची जागा टिपत जातं आणि पडद्यावर मागे एक रेघ उमटत राहते. उतरताना हीच रेघ धरून उलटं यायचं. बऱ्याच यंत्रांत त्याला ट्रॅकबॅक म्हणतात. त्यात बाण गाडीकडे न वळता वाटेच्या पुढच्या वळणाकडे वळतो.

आता गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड चढताय असं धरून सांगते. गाडीतून उतरल्यावर आधी जुना ट्रॅक पुसून टाका, नाहीतर वारज्यापासूनचा सगळा प्रवास त्याच रेघेत येतो आणि उतरताना गोंधळ होतो. मग उघड्या जागी पाच मिनिटं थांबा. यंत्र अचूकता पाच मीटरच्या आसपास दाखवू लागलं की गाडीची खूण करा. नोंद दर दहा सेकंदांनी ठेवा. लहान यंत्रांत एका ट्रॅकला साधारण १०,००० बिंदूंची जागा असते. दहा सेकंदांच्या हिशेबाने ती सत्तावीस तासांहून जास्त पुरते, म्हणजे मुक्काम धरूनही भागतं. दर सेकंदाला नोंद ठेवलीत तर तीन तासांतच जागा भरते आणि काही यंत्रं जुने बिंदू पुसायला लागतात. पुसले जातात ते चढणीच्या सुरुवातीचे, म्हणजे उतरताना शेवटी, अंधार पडता पडता, जे लागणार असतात नेमके ते.

चढताना खुणा करत जा: गाव संपलं, रान सुरू झालं, सोंडेवर आलो, रेलिंग सुरू झालं, दरवाजा. नावं मराठीत सुचतील तशी रोमन अक्षरांत टाका, दोन-तीन अक्षरं पुरतात. पण सगळ्यात महत्त्वाची खूण फाट्याची. चढताना ढोरवाटा मागून येऊन आपल्या वाटेला मिळतात, त्यामुळे त्या जाणवतही नाहीत. उतरताना त्याच वाटा समोर दोन तोंडं करून उभ्या राहतात आणि गुरांनी रुळवलेली वाट बहुतेक वेळा जास्त ठसठशीत असते. चढताना अधूनमधून मागे वळून बघायची सवय लावा. मागे बघून वाट दुहेरी दिसली की तिथे खूण. हे दहा सेकंदांचं काम आहे आणि माझ्या अनुभवात चुकलेल्या बहुतेक वाटा अशाच फाट्यांवर चुकलेल्या असतात.

रेलिंगपाशी पोचलात की रेघेवर डोळे झाकून विसंबू नका. तिथे एका बाजूला कातळ असतो, अर्धं आकाश त्याच्यामागे जातं. जे उपग्रह दिसत नाहीत त्यांचे संदेश समोरच्या खडकावर आपटून, लांबचा फेरा घेऊन येतात आणि यंत्राला वाटतं आपण जरा पलीकडे आहोत. नोंदलेली रेघ अशा जागी पंधरा-वीस मीटर दरीत गेलेली दिसते. शनिवार-नारायण पेठेतल्या अरुंद बोळांत जागा उड्या मारते ती याच कारणाने, तिथे कातळाऐवजी इमारती असतात. कातळटप्प्यावर पाय कुठे ठेवायचा हे डोळ्यांनी बघायचं. यंत्र फक्त आपण योग्य सोंडेवर आहोत की शेजारच्या, एवढं सांगायला ठेवायचं.

आणखी एक. यंत्रात चुंबकी होकायंत्र नसेल (स्वस्त यंत्रांत नसतं), तर उभं राहून बाण बघू नका. असं यंत्र तुमच्या चालण्यावरून दिशा काढतं, थांबलात की बाण कुठेही फिरतो. ढगात माणूस घाबरून थांबतो, यंत्र गोल फिरवतो आणि बाणही फिरतो म्हणून आणखी घाबरतो. पायाखाली सपाट आणि ओळखीचं असेल तर दहा-पंधरा पावलं सरळ चाला, बाण ठरेल. होकायंत्र असलेलं यंत्र असेल तर सेल बदलल्यावर ते नव्याने जुळवून घ्या. आणि यंत्र छातीच्या खिशात उभं कोंबू नका. सपाट अँटेना असलेलं यंत्र पडदा आकाशाकडे करून धरायचं असतं. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, वरच्या बाजूला अडकवलं तर शरीराची आड येत नाही.

तुम्ही तटापाशी थांबलात, हे उत्तम केलंत. ढग उतरले की पद्मावती माचीवर परतायचं, देवळात बसायचं, ढगांच्या फटीतून वाट दिसेपर्यंत हलायचं नाही. रात्र काढावी लागली तरी चालेल. आणि पहिल्यांदा जाताना गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या. त्याच्याबरोबर चालून नोंदलेला ट्रॅक हा तुमच्या यंत्रातला सगळ्यात मोलाचा ऐवज असतो. घरी आल्यावर तो जीपीएक्स (ट्रॅक साठवायचा नेहमीचा प्रकार) फाइल म्हणून काढून ठेवा. ओळखीच्यांना द्यायची असेल तर ती वाट कोणत्या महिन्यात चाललात तेही कळवा. एप्रिलमधली वाट जुलैत ओढा झालेली असते.

मित्राने व्हॉट्सॲपवर सिंहगडाच्या पायथ्याकडच्या एका जागेचे अक्षांश-रेखांश पाठवले. यंत्रात घातले तर ते भलतीकडेच, भोरच्या बाजूला दाखवतंय. आकडे तर बरोबर टाइप केलेत. (एक वाचक, धायरी)

आकडे बरोबर आहेत, लिहिण्याची पद्धत बदलली आहे. तुम्ही पाठवलेल्या पत्रात मित्राचा अक्षांश १८ अंश २१.९ मिनिटं असा आहे. तुम्ही यंत्रात १८.२१९ घातलंत. एका अंशात साठ मिनिटं असतात, त्यामुळे २१.९ मिनिटं म्हणजे ०.३६५ अंश. खरा आकडा १८.३६५. दोन्हीतला फरक ०.१४६ अंश, म्हणजे जमिनीवर साधारण सोळा किलोमीटर. एवढ्याशा दशांश चिन्हाने तुम्हाला सिंहगडावरून भोरकडे नेलं.

यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘पोझिशन फॉरमॅट’ असतो. माझा सल्ला असा की घरातल्या, ग्रुपमधल्या सगळ्यांनी दशांश अंशच ठेवावेत आणि दशांशानंतर पाच आकडे द्यावेत. पाचवा आकडा साधारण एका मीटरचा असतो, त्याच्यापुढच्या आकड्यांना या यंत्रांच्या बाबतीत अर्थ नाही. तिसऱ्या आकड्यावर थांबलात तर शंभरेक मीटरची संदिग्धता राहते. पुण्याच्या आसपास अक्षांश १८ने आणि रेखांश ७३ किंवा ७४ने सुरू होतो, उलट लिहिलं गेलं तर लगेच लक्षात येईल. अडचणीत ११२ला फोन करावा लागला तर एकेक आकडा सुटा वाचा, ‘दशांश’ म्हणा, आणि समोरच्याकडून परत वाचून घ्या. ही तालीम घरी एकदा करून बघाच.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टॉपोशीटवरून, म्हणजे पुण्यासाठी ४७ एफ/१४ आणि सिंहगडासाठी ४७ एफ/१५, आकडे काढत असाल तर ते नकाशे एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मापनावर (पृथ्वीवरची जागा मोजायच्या जुन्या पद्धतीवर) आहेत आणि यंत्र डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापनावर चालतं. जागा शंभर मीटरच्या आसपास सरकते. नवीन ओपन सीरीज नकाशे डब्ल्यूजीएस ८४वरच आहेत, ते वापरा.

अमेरिकेतून परतलेल्या मावसभावाने त्याचं जुनं पिवळं ईट्रेक्स दिलं. तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दाखवतं, नकाशा कोरा, अंतर फुटांत, आणि उपग्रह सापडायला अर्धा तास लागला. टाकून देऊ का? (एक वाचक, कर्वेनगर)

टाकू नका, चांगलं यंत्र आहे. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४ पर्यंतच जाते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. असं ऑगस्ट १९९९मध्ये झालं, मग ६ एप्रिल २०१९ला झालं, पुढचं नोव्हेंबर २०३८मध्ये होईल. जुन्या यंत्रांना दुसरी फेरी ओळखता येत नाही, म्हणून तारीख १०२४ आठवडे, म्हणजे एकोणीस वर्षं साडेसात महिन्यांनी मागे पडते. जागा मात्र ते बरोबर सांगतं, कारण ती आठवड्यांवरून नव्हे, क्षणांच्या फरकावरून काढली जाते.

अर्धा तास लागला कारण यंत्राला वाटत होतं आपण अजून अमेरिकेत आहोत, आणि तिथल्या डोक्यावरचे उपग्रह ते इथे शोधत बसलं. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक एकदा पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. पर्वतीवर किंवा मोकळ्या मैदानावर वीस मिनिटं न हलवता ठेवा, पुढच्या वेळी मिनिटभरात जागा सापडेल. सेटिंगमध्ये माप मेट्रिक करा, वेळ भारताची करा, आणि मापन डब्ल्यूजीएस ८४ आहे ना बघा. अमेरिकेतले जुने वापरकर्ते तिथल्या नकाशांसाठी कधीकधी एनएडी २७ हे तिथलं जुनं मापन ठेवतात. ते तसंच राहिलं तर इथल्या खुणा शंभराहून जास्त मीटर सरकतील. या यंत्रात नकाशा घालता येणार नाही, पण ट्रॅक आणि खुणा पुरेशा आहेत.

हडपसरला राहतो, पुरंदरला दहा गुंठे जमीन घेतोय. रिसीव्हर घेऊन बांधावरून फिरलो तर क्षेत्र बारा गुंठ्यांच्या वर आलं. विकणारा म्हणतो, बघा, जास्तच देतोय. विश्वास ठेवू का?

ठेवू नका, आणि पैसे तर मुळीच जास्त देऊ नका. दहा गुंठे म्हणजे साधारण १,०१२ चौरस मीटर, चौकोनी धरलं तर बत्तीस मीटरची बाजू. उघड्या आकाशाखालीसुद्धा हे यंत्र तीन-पाच मीटर इकडेतिकडे असतं. चारी बाजूंनी रेघ दोन-दोन मीटर बाहेर गेली तर बाजू छत्तीस मीटरची होते आणि क्षेत्र जवळजवळ तेरा गुंठे. तेवढीच आत आली तर ते साडेसातच्या आसपास येतं. मोठ्या पडीक माळाचा अंदाज घ्यायला, पाइपलाइन साधारण किती लांब पडेल हे बघायला यंत्र वापरा. जमीन लहान असेल तितकी चूक मोठी ठरते.

सातबारावरचं क्षेत्र बघा, गट नंबराचा नकाशा काढा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्या. तिथले मोजणीदार आता रोव्हर वापरतात. तेही उपग्रहांचंच यंत्र आहे, पण कायम एका जागी असलेल्या केंद्रांशी आपली नोंद ताडून ते सेंटिमीटरपर्यंत अचूक होतं. आणि हद्दीच्या खुणा लागतील तेव्हा शेजाऱ्याला समोर उभं करा. तुमच्या यंत्रात त्या दगडांच्या जागा नोंदवून ठेवा, पुढे गवत वाढल्यावर दगड शोधायला त्या फार उपयोगी पडतात.

सिंहगडावर गेल्यावर उंची प्रत्येक वेळी वेगळी येते. कधी १,२९०, कधी १,३३०. (एक वाचक, बाणेर)

उपग्रहांवरून काढलेल्या उंचीत आडव्या जागेपेक्षा जास्त चूक असते, कारण खालच्या बाजूचे उपग्रह पृथ्वीआड असतात. ज्या यंत्रात हवेच्या दाबाचं उंचीमापक आहे ते जास्त नीट चालतं, पण त्याला सुरुवातीची उंची सांगावी लागते. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने बदलला की ते आठ-नऊ मीटर चढल्याउतरल्यासारखं दाखवतं. पावसाळ्यात दिवसभरात एवढा दाब बसल्या जागीही बदलतो. निघताना माहीत असलेली उंची घाला, वाटेत उंची लिहिलेली जागा लागली की पुन्हा जुळवा. तेवढं पुरे.

वडिलांना अलीकडे विसर पडतो, एकटे फिरायला जातात. त्यांच्या खिशात हे यंत्र ठेवलं तर ते कुठे आहेत हे आम्हाला कळेल का? परदेशातला भाऊ उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र पाठवतो म्हणतोय. (एक वाचक, सहकारनगर)

साध्या रिसीव्हरने कळणार नाही. ते ऐकतं, पाठवत काहीच नाही. त्यांची जागा फक्त त्यांच्याच हातातल्या पडद्यावर दिसेल, आणि ज्यांना वाट आठवत नाही त्यांच्याकडून बटणं दाबली जातील अशी अपेक्षा ठेवू नये. तुम्हाला सिम घातलेला ट्रॅकर हवा. जागा तो जीपीएसवरूनच काढतो, पण पाठवतो मोबाइलच्या नेटवर्कवरून. शहरात हे चांगलं चालतं. रोज रात्री चार्ज करायची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाने घ्यावी. गळ्यात अडकवण्यापेक्षा नेहमीच्या पट्ट्याला किंवा घड्याळासारखा मनगटाला लावलेला बरा, काढून ठेवला जात नाही. शिवाय नाव आणि घरचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड खिशात हवंच, बॅटरी संपली तरी ते काम करतं.

भावाला मात्र आजच फोन करून थांबवा. उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं, उदाहरणार्थ इनरीच, आणि सॅटेलाइट फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात आणता किंवा वापरता येत नाहीत. विमानतळावर अशी यंत्रं जप्त झाली आहेत, लोकांना अटकही झाली आहे. नुसतं ऐकणारा जीपीएस रिसीव्हर ही वेगळी गोष्ट आहे, तो बाजारात उघड मिळतो. घेताना खोक्यावर बघा: संदेश पाठवण्याची सोय आणि मासिक वर्गणी यांचा उल्लेख असेल, तर ते यंत्र भावाने तिकडेच ठेवावं.